सूर्याची वीज : ती कोठे पिकवावी व कोणाच्या नावे

पेण व रोहे या दोन तालुक्यांतील शेतकरी बंधूंकडून अलीकडे आम्हास एकच प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. ‘सूर्यापासून वीज करण्यासाठी जमीन भाड्याने मागतात, ती द्यावी की न द्यावी?’ आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. सातबारा, फेरफार व आठ-अ यांच्या पलीकडे विद्वत्तेचा आमचा दावा नाही, आणि शाळाही आम्ही मराठीच शिकलो. तथापि प्रश्न जमिनीचा असल्यामुळे तो टाळता येईना. म्हणून या विषयाची मिळेल ती माहिती आम्ही जमविली, आपल्या घरावर सौर पॅनेल बसवून दोन पावसाळे त्याची वही ठेवली, आणि जे हाती लागले ते पाठरूपाने वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. सूर्याची वीज ही आता पुढे येणारी गोष्ट राहिली नसून ती आलेली आहे, आणि जगाच्या विजेचा मोठा भार यापुढे तिच्यावर पडणार असे दिसते. तेव्हा ‘हे होईल काय’ हा आपल्यापुढील प्रश्न नव्हे. ती कोणाच्या छपरावर, कोणत्या जातीच्या जमिनीवर व कोणाच्या नावे पिकावी, हा आपला प्रश्न आहे. त्याचा विचार आपण वेळीच न केल्यास दुसरे कोणी तो आपल्या वतीने करतील, आणि त्याचा अनुभव याच सह्याद्रीच्या पायथ्याशी एकदा येऊन गेला आहे.

१. विजेचे माप

धान्यास जसा मण किंवा क्विंटल, तसे विजेस युनिट. एक किलोवॅट शक्तीचे यंत्र एक तास चालले म्हणजे एक युनिट खर्च झाले. दहा वॅटचा दिवा शंभर तास पेटला तरी तेही एकच युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे चार युनिट खातो. किलोवॅट हे यंत्राचे बळ आहे व युनिट हे त्याने केलेले काम आहे. बैलाचे बळ वेगळे आणि त्याने दिवसभरात नांगरलेले रान वेगळे, इतका हा भेद स्पष्ट आहे. तो ध्यानात ठेविला असता विक्रेत्यांच्या बोलण्यात फसगत होत नाही.

सौर पॅनेल हे सिलिकॉन नामक द्रव्याच्या पातळ चकत्यांचे केलेले असते. हे द्रव्य वाळूत व गारगोटीत भरपूर आहे. मात्र ते शुद्ध करण्यास पुष्कळ खटाटोप लागतो. त्यावर ऊन पडले म्हणजे त्यातील सूक्ष्म कण चळतात व तारेतून वीज वाहू लागते. त्यात फिरणारा भाग नाही, धूर नाही, आवाज नाही. उन्हातील शक्तीपैकी शंभरात सुमारे वीस-बावीस भाग विजेच्या रूपाने हाती लागतो. एक किलोवॅटची पॅनेले बसविण्यास सुमारे शंभर चौरस फूट मोकळे छप्पर लागते, आणि आपल्या प्रांतात वर्षाची सरासरी धरता त्यापासून दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते असे धरतात; त्याची शक्ती दरवर्षी शेकडा अर्ध्याच्या आसपास घटत जाते.

२. ही विद्या कोठून आली

ऊन कामास लावण्याचा खटाटोप आपल्याकडे नवा नाही. विल्यम अॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईत उपनिबंधकाच्या हुद्द्यावर होते. त्यांनी पुष्कळसे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांचे ऊन एका पाण्याच्या पात्रावर पाडले, व त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन मुंबईच्या कुलाब्यात चालवून दाखविले. उष्ण देशांत जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, अशा विषयावर त्यांचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले. कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्या मनुष्यानेही असा उद्योग केला, हे वाचून आम्हास विशेष संतोष झाला. परंतु कोळसा स्वस्त होता, त्यामुळे ते काम मागे पडले.

उन्हापासून सरळ वीज निघते हे फ्रान्सातील बेकेरेल या शास्त्रज्ञाच्या नजरेस १८३९ सालीच आले होते. उपयोगी पडेल असे सिलिकॉनचे पहिले पॅनेल मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली झाले. त्यावर पडणाऱ्या उन्हाचा शंभरात सहा भाग तेवढा विजेत येई, आणि किंमत इतकी की आकाशात सोडलेल्या उपग्रहांवाचून ते कोणास परवडेना. पुढे माल अधिक निघत गेला तसतशी किंमत उतरत गेली. २०१० ते २०२० या दहा वर्षांतच पॅनेलांचा भाव शंभरास दहाच्या आसपास येऊन ठेपला. दहा वर्षांत दशांश भावाने विकू लागलेली दुसरी कोणतीही उपयुक्त वस्तू आमच्या पाहण्यात नाही.

परिणाम असा झाला की १९५४ पासून २०२२ पर्यंत साऱ्या जगात मिळून सुमारे दहा लाख मेगावॅटची पॅनेले बसली, आणि त्यानंतरचे दहा लाख मेगावॅट अवघ्या दोन वर्षांत बसले. (एक मेगावॅट म्हणजे एक हजार किलोवॅट.) जगातील एकूण विजेत सूर्याचा वाटा २०१५ साली शंभरात सुमारे एक होता, २०२४ साली तो सुमारे सात झाला. हिंदुस्थानाने जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटचा टप्पा गाठला. राजस्थानात भडला येथे दोन हजार मेगावॅटच्या वर पॅनेले एका ठिकाणी आहेत, आणि आपल्या राज्यात धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचे केंद्र २०१३ सालापासून आहे. हिंदुस्थान व फ्रान्स यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा झाली. तिची कचेरी दिल्लीजवळ गुरुग्राम येथे आहे.

३. जगास किती जमीन लागेल

आता एक तोंडी हिशेब करू. जगास वर्षाला सुमारे तीस लाख कोटी युनिट वीज लागते. एक मेगावॅटची पॅनेले जमिनीवर मांडण्यास ढोबळमानाने पाच एकर लागतात व त्यापासून वर्षाला सुमारे पंधरा लाख युनिट मिळतात; म्हणजे एकरी तीन लाख युनिट. तीस लाख कोटींस तीन लाखांनी भागिले असता दहा कोटी एकर येतात. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात कोटी एकर आहे. अर्थात साऱ्या जगाची सारी वीज उन्हापासून करावयाची म्हटले तरी सव्वा महाराष्ट्राहून थोडी अधिक जमीन पुरते, आणि ही जमीन पृथ्वीवरील एकूण भूभागाच्या शंभरात पाव भागाहून किंचित अधिक होते. त्यातही घरांची, गोदामांची व कारखान्यांची छपरे आहेत, ओसाड माळ आहेत, कालव्यांच्या व धरणांच्या पाण्यावरील मोकळी जागा आहे.

या हिशेबातून एक गोष्ट सिद्ध होते. ‘जगाला वीज हवी, म्हणून तुमची पिकाची जमीन दिलीच पाहिजे’ असे कोणी सांगू लागल्यास ते खरे नव्हे. जागेचा तोटा मुळीच नाही. तोटा आहे तो दुसऱ्या दोन गोष्टींचा.

४. रात्र आणि पाऊस

पहिली उणीव रात्रीची. सूर्य मावळला की पॅनेल निर्जीव होते, आणि नेमके त्याच वेळी घरोघर दिवे, पंखे व दूरदर्शन संच सुरू होतात. दुसरी उणीव पावसाळ्याची, आणि ती कोकणास विशेष लागू आहे. आपल्याकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, व जून ते सप्टेंबर सूर्यदर्शन दुर्मिळ असते. आमच्या घरावर तीन किलोवॅटची पॅनेले आहेत. आमच्या वहीप्रमाणे एप्रिलात दिवसाला तेरा-चौदा युनिट पडतात. जुलैत पाच-सहा, आणि झड लागली म्हणजे एखाद्या दिवशी दोनही भरत नाहीत. वर्षाचा हिशेब जमतो खरा, परंतु तो ऊन व पाऊस एकत्र मोजून जमतो. विक्रेता उन्हाळ्याचे आकडे दाखवितो. वाचकांनी त्याच्याकडून जुलैचे आकडे मागून घ्यावेत.

तेव्हा दिवसाची वीज साठवून रात्री वापरण्याची सोय हवी. एक सोय बॅटरीची आहे; तिचाही भाव उतरत आहे. दुसरी सोय आपल्या रोह्याच्या शेजारी, भिरा येथे डोळ्यांसमोर आहे, आणि पुष्कळांस ती ठाऊक नाही.

भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्यापूर्वी खोपोलीचे १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली झाले होते. मुळशीच्या धरणातील पाणी बोगद्यातून व नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरते व जनित्रे फिरविते. एक हजार लिटर पाणी इतके खाली आले असता सुमारे सव्वा युनिट वीज होते. तेथे पुढे १५० मेगावॅटचे असे एक यंत्र बसविण्यात आले की, ज्याने हेच काम उलटही करता येते. वीज भरपूर असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे, आणि विजेचा तुटवडा पडेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची. चार युनिट खर्चिले तर सुमारे तीन परत मिळतात; चौथे हे साठवणुकीचे भाडे समजावे. दिवसा सूर्याने पाणी वर न्यावे व रात्री पाण्याने दिवे लावावेत, अशी ही जोडी आहे. भिवपुरीस एक हजार व पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे अठराशे मेगावॅटची अशीच कामे करण्याचा करार २०२३ साली राज्यसरकार व टाटा कंपनी यांच्यामध्ये झाला. सूर्याच्या विजेचा पुढील काळ जसा राजस्थानच्या वाळवंटात ठरेल, तसा थोडा आपल्या घाटातही ठरेल.

५. मुळशीचा धडा

भिऱ्याचे नाव निघाले म्हणजे मुळशीचेही निघालेच पाहिजे. त्या धरणाखाली मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांची जमीन जावयाची होती. ती भाताची जमीन होती, आणि ती वाचविण्यासाठी मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. सत्याग्रह मोडला, धरण झाले. पुष्कळ जमीन सावकारांच्या नावे चढलेली असल्यामुळे कसणारा व कागदावरचा मालक यांचे हित एक राहिले नाही. कागदावरच्या मालकास मोबदल्यात गोडी वाटली, कसणाऱ्यास केवळ जमीन दिसत होती. इकडे भिऱ्याहून निघालेल्या तारा आपल्या माथ्यावरून मुंबईच्या गिरण्या व गाड्यांकडे गेल्या. आपल्या जिल्ह्यास त्या वेळी कोलाबा म्हणत. त्यातील कितीतरी खेड्यांत पहिला दिवा पेटावयास स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडावी लागली.

हे सांगण्यात आमचा हेतू कोणास दोष देण्याचा नाही. भिऱ्याच्या जनित्रांतून सुटलेले पाणी कुंडलिकेस मिळते, डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालव्यांत जाते, आणि त्यावर रोह्याचे शेतकरी उन्हाळी भात घेतात, हेही तितकेच खरे आहे. मुळशीकराची जमीन बुडाली व रोहेकराचे खाचर भिजले. हा योगायोग आपण विसरता कामा नये. त्यातून घ्यावयाचा धडा असा की, वीज कोठून तरी यावयाचीच. ज्याच्या भूमीवर ती पिकते त्यास तीत वाटा मिळतो की नाही, हे आरंभीच्या कागदावर ठरते. मुळशीच्या वेळी कसणाऱ्यास विचारण्याची रीत नव्हती. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये आपल्याच पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. विचारले जाणे हा मोठा लाभ आहे. परंतु विचारले असता उत्तर तयार असावयास हवे.

सूर्याच्या विजेत एक गोष्ट अशी आहे की जी धरणाच्या विजेत नव्हती. धरण एकट्या शेतकऱ्यास बांधता येत नाही. शंभर चौरस फूट छपरावर पॅनेल मात्र तो बसवू शकतो. येथे लहान मनुष्यही केवळ गिऱ्हाईक न राहता उत्पादक होऊ शकतो. म्हणून आम्ही जो क्रम सुचवीत आहो तो छपरापासून सुरू होतो.

६. आधी छप्पर

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छपरांसाठी सूर्यघर योजना काढली. तीत एक किलोवॅटास ३० हजार, दोनास ६० हजार व तीन किंवा अधिक किलोवॅटास ७८ हजार रुपये अनुदान ठरविले गेले. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी चालू असलेला दर महावितरणच्या कचेरीत विचारून घ्यावा. दिवसा जास्त झालेली वीज तारेतून बाहेर जाते, रात्री लागेल ती आत येते, व मीटर दोहोंची वजाबाकी करतो. महिन्यास शंभर-दीडशे युनिट लागणाऱ्या घरास एक ते दीड किलोवॅट पुरे. शेजाऱ्याने तीन बसविले म्हणून आपणही तीन बसवू नयेत.

आपल्या प्रांतासाठी तीन सूचना विशेष आहेत. पहिली, कौलांवर पॅनेल बसविणे अवघड आहे. स्लॅब असेल तर उत्तम, पत्रे असतील तर त्यांखालील कैच्या भक्कम आहेत की नाहीत ते सुताराकडून वा लोहाराकडून पाहून घ्यावे. दुसरी, पेणच्या खारपट्ट्यात हवेत मीठ असते. सांगाडा चांगल्या जस्ताच्या मुलाम्याचा व बोल्ट न गंजणारे घ्यावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्याकडील पत्रे कसे उडाले ते सर्वांस स्मरते; पॅनेल उडाले तर ते पत्र्याहून घातक. तिसरी, पॅनेलांवर दुपारी नारळाची किंवा आंब्याची सावली पडत असल्यास झाड तोडू नये, पॅनेलांची जागा बदलावी.

आणखी एक गोष्ट स्वतःच्या फजितीवरून सांगतो. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे अंधार होता. तसा प्रसंग पुन्हा येऊ नये याच हेतूने आम्ही पुढे पॅनेले घेतली. बसविल्यावर पहिल्याच वैशाखात भर दुपारी वीज गेली, आणि डोक्यावर रखरखीत ऊन असूनही घरातला पंखा बंद! ज्याने पॅनेले बसविली त्याने हे आम्हास सांगितले नव्हते, व आम्हीही विचारले नव्हते. साध्या इन्व्हर्टरची रचनाच अशी असते की, बाहेरची वीज गेली की त्याने आपलीही बंद करावी; नाहीतर आपल्या घरची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा प्राण घ्यावयाची. रचना योग्यच आहे. वीज गेल्यावरही घर चालावे अशी इच्छा असेल त्याने बॅटरीसह चालणारा इन्व्हर्टर मागावा, आणि त्याचा वेगळा खर्च आधी कागदावर लिहून घ्यावा.

७. मग पंप

पंपाच्या बाबतीत कोकणाचा पाऊस आड येत नाही. भात पावसावर होते. पंप लागतो तो भातामागून येणाऱ्या वालास, भाजीपाल्यास, कलिंगडास व आंब्याच्या नव्या कलमांस, म्हणजे कार्तिकापासून वैशाखापर्यंत, आणि ऊनही तेव्हाच भरपूर. २०२४ साली राज्यसरकारने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या नावाची योजना सुरू केली. तीत साधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने विसावा हिस्सा भरावयाचा असे ठरले. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच व त्यावर साडेसात, असा क्रम आहे. पाच वर्षे दुरुस्ती पुरविणाऱ्याकडे असते.

मात्र ऊन फुकट आहे म्हणून पाणी फुकट समजू नये. बिल येत नाही असे पाहून दिवसभर पंप चालू ठेवणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. फाल्गुनात त्यांच्या विहिरीचा तळ दिसतो. ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यात दोन तासही पाणी टिकत नाही, त्याने आधी विहिरीचा विचार करावा, पंपाचा मागाहून.

८. शेवटी जमीन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २०१७ साली निघालेल्या व २०२३ साली नव्याने मांडलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये व त्यात दरवर्षी शेकडा तीन वाढ असे ठरविण्यात आले. म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि पंचविसाव्या वर्षी ते दुपटीच्या घरात जाते. उलट बाजूस भात धरा. एकरी पंधरा क्विंटल भात आले व सरकारी हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये (२०२५-२६) मिळाला, तर हाती साडेपस्तीस हजार येतात. त्यातून नांगरट, आवणी, खत, कापणी व झोडणी यांचा खर्च वजा जातो. रोकड पैशाच्या हिशेबात भाडे भातास मागे टाकते, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. जो हे झाकून केवळ ‘काळी आई’ म्हणून उपदेश करील, त्याचे तरुण ऐकणार नाहीत, व त्यांनी ऐकू नयेही.

तथापि हिशेबाच्या वहीत न चढणाऱ्या काही रकमा आहेत. भातामागून वाल येतो, तो या रकमेत धरलेला नाही. पेंढा जातो, आणि पेंढ्याबरोबर गुरे जातात. खाचराचा बांध पिढ्यांनी घातलेला असतो; तो मोडून सपाटी केल्यावर तीस वर्षांनी कोण घालील? सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे वरच्या खाचरातून खालच्यात, त्यातून त्याखालच्यात असे पाणी उतरते. वरच्या खातेदाराने जमीन भाड्याने दिली व तेथे भर पडली, तर खालच्या दहा जणांची आवणी अडते. भाडे एकास, नुकसान दहांस.

म्हणून आमचे मत असे. आवणीचे खाचर, कालव्याखालची जमीन व बागायत यांस हात लावू नये. वरकस डोंगरउताराची माळजमीन, जीवर आता नाचणी-वरीही कोणी करीत नाही, ती पाणलोट न बिघडविता देण्यास हरकत नाही. फार उतार असल्यास ती कोणी मागणारही नाही. खारबंदिस्ती फुटून पडीक झालेली खारजमीन देण्याचे मनात आल्यास आधी बंधारा दुरुस्त होऊन भात परत येण्याजोगे आहे की काय ते पाहावे. एकदा दिलेली जमीन पिढीभर परत येत नाही. पॅनेले उंच उभारून खाली पीक घेण्याची रीत काही ठिकाणी चालू आहे. भातास पुरे ऊन लागते, म्हणून ती त्यास मानवणारी नाही. हळद-आल्यासारख्या सावली सोसणाऱ्या पिकांस ती करून पाहण्याजोगी आहे.

९. कागद

हा भाग आमच्या पेशाचा, म्हणून तो निश्चयाने सांगतो.

सातबारा ताजा काढावा व त्यावरील सर्व नावे वाचावीत. आपल्याकडील खाती बहुधा सामाईक असतात. एक भाऊ गावी, दोन मुंबईस, बहिणींची नावे लागलेली किंवा लागावयाची राहिलेली. सर्व हिस्सेदारांच्या संमतीवाचून करार करू नये. मयत इसमाचे नाव असल्यास आधी वारस-फेरफार करून घ्यावा.

जमीन कूळकायद्याने मिळालेली असेल व तशी नोंद असेल, तर परवानगीचा प्रश्न तहसील कचेरीत आधी सोडवावा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस भाडेपट्ट्यानेही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून देता येत नाही. पेण-रोह्याच्या वाड्यांतील आमच्या ठाकूर व कातकरी बांधवांस हे कोणीतरी वाचून दाखवावे.

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. ‘समजुतीचा करार’ म्हणून साध्या मुद्रांक कागदावर सही करू नये. नोंदणीनंतर त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत होते. तीत मुदत व क्षेत्र बरोबर आहे की नाही ते पाहावे, आणि मालकाच्या रकान्यातील आपले नाव हललेले नाही याची खात्री करावी.

करारात पुढील गोष्टी मराठीत स्पष्ट लिहून घ्याव्यात : भाडे कोणत्या तारखेस मिळणार, थकले तर काय, कंपनीने काम दुसऱ्यास विकले तर जबाबदार कोण, पाण्याची वाट व पाऊलवाट कोठून राहणार, आणि मुदत संपल्यावर पॅनेले, काच, लोखंड व पाया उपटून जमीन पूर्ववत कोणाच्या खर्चाने करून देणार. हा शेवटचा मुद्दा पंचवीस-तीस वर्षांनी येणारा आहे, म्हणून आज तो कोणी बोलत नाही. त्या वेळी आम्ही नसू, वाचकांपैकीही पुष्कळ नसतील; कागद मात्र असेल.

१०. या महिन्याचा अभ्यास

येथवर वाचणाऱ्या सभासदांनी पुढील चार गोष्टी करून पाहाव्यात. गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले काढून दरमहाच्या युनिटांची बेरीज करावी. छपराची लांबी-रुंदी मोजून, दुपारी बारा ते तीन सावली न पडणारी जागा किती चौरस फूट आहे ते लिहावे. आपल्या प्रत्येक गटनंबरापुढे ‘खाचर’, ‘वरकस’, ‘खार’ अथवा ‘बागायत’ यांपैकी काय ते मांडावे, आणि त्यातील पाणी कोणाच्या शेतातून येते व कोणाच्या शेतात जाते हेही टिपावे. शेवटी, सातबाऱ्यावरील नावांपैकी हयात कोण, मयत कोण याची यादी करावी.

हे चार कागद ज्याच्या घरी तयार असतील, त्याच्याकडे उद्या कोणी जमीन मागण्यास आला तर त्यास सल्ल्यासाठी आमच्याकडे येण्याचे फारसे कारण उरणार नाही. ज्यांस ते तयार करण्यात अडचण पडेल, त्यांनी आपला सातबारा घेऊन अवश्य यावे. चष्मा व सवड या दोन्ही वस्तू आमच्यापाशी आहेत.